पिवळ्या फिती

दोह्यात अल नस्र भागातल्या आमच्या फ्लॅटमध्ये कुणी पहिल्यांदा आलं की चहाच्या आधी त्याला माझी फ्रेम बघावी लागायची. सुटकाच नव्हती. सोफ्याच्या वर, एसीच्या शेजारी, काचेमागे काळ्या मखमलीवर ओळीनं टाचलेल्या फिती. लढाईतून परत आलेली माणसं म्हातारपणी पलटणीचा मेळावा भरवतात, आणि तिथं आलेल्याच्या छातीवर साटीनची एक फीत लावतात. वर कापडी गुलाब, खाली दोन शेपट्या, शेपट्यांवर सोनेरी अक्षरांत पलटणीचं नाव आणि साल. मी त्या जमवायचो.

"अहो, पाहुण्यांना बसू तरी द्या," असं बायको दर वेळी म्हणायची. पोरगी तिच्या खोलीतून ओरडायची, "बाबा, नॉट अगेन!" तिला मराठी सगळं कळतं, उत्तर मात्र इंग्रजीतच येतं. मी दोघींकडे दुर्लक्ष करायचो. हौसेला मोल नसतं, आणि माझ्या हौसेला तर लाजही नव्हती. पाहुण्याच्या खांद्यावर हात ठेवून मी त्याला फ्रेमसमोर उभा करायचो आणि मधल्या ओळीवर बोट ठेवायचो. ती सगळी ओळ पिवळी.

"ही माझ्या वडिलांची. एकाहत्तरची लढाई लढलेत."

पाहुणा आपसूक ताठ व्हायचा. मग मी सीमेवरची थंडी, खंदक, शिळ्या पुऱ्या, असं काय काय सांगायचो. त्यातलं निम्मं मी इकडून तिकडून वाचलेलं होतं. आप्पांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, लढाईबद्दल मला सबंध आयुष्यात चार वाक्यं सांगितली असतील. आयजीच्या जिवावर बायजी उदार म्हणतात तसं माझं चाललं होतं, फक्त मी दानाऐवजी शौर्य वाटत होतो.

आमचं गाव सातारा जिल्ह्यातलं. तिथं घरटी एक माणूस फौजेत असतो, आणि आमच्या घरातून पुढचा नंबर माझा होता, कारण मी एकुलता एक. भरतीला गेलो तर छाती दोन बोटं कमी भरली. पुन्हा गेलो, पुन्हा तेच. आप्पांनी माझे दाखले परत पेटीत ठेवले. मी आयटीआय केलं, मुंबईत थोडे दिवस काढले आणि कतारला आलो. रास लफानच्या गॅस प्लांटमध्ये इन्स्ट्रुमेंट टेक्निशियन आहे. पहाटे कंपनीची बस, दिवसभर गेज आणि व्हॉल्व्ह, संध्याकाळी परत तीच बस. वाईट काही नाही. पण गावी सुट्टीला गेलं की पारावर "हा कुठल्या पलटणीत?" असं नव्या माणसानं विचारलं की मला अजून खाली बघावंसं वाटतं.

आई होती तोवर आप्पा आणि ती दोघं जोडीनं मेळाव्याला जायची. मला ते देवदर्शनाला जाऊन येण्यासारखं वाटायचं, म्हणून मी कधी फार विचारलं नाही. आई गेली. त्याच्या पुढच्या वर्षी मला पहिली फीत आली.

आखातात माणसांबरोबर पिशव्याही प्रवास करतात. गावाकडचा कुणी सुट्टीवरून परत निघाला की त्याच्या बॅगेत दहा घरांची गाठोडी असतात. आप्पांच्या गाठोड्यात शेंगदाण्याची चटणी, कांदा-लसणाचा मसाला आणि त्याखाली धुतलेल्या रुमालात घडी घालून ठेवलेली ती पिवळी फीत. फोनवर म्हणाले, "मेळाव्याची फीत धाडलीया. नीट ठेव."

बास, एवढंच. बाकीचं मी माझ्या मनानं भरलं. म्हातारा स्वतःच्या छातीवरची फीत काढून आपल्याला पाठवतो, आपण फौजेत गेलो नाही तरी आपल्याला वारस मानतो, असं मी ठरवून टाकलं. त्या दिवशी मी बाथरूममध्ये जाऊन रडलोसुद्धा. मग दरवर्षी फेब्रुवारीत कुणाच्या तरी बॅगेतून एक पिवळी फीत यायची, मसाल्याचा वास घेऊन.

एका रंगाच्या ओळीनं फ्रेम भरेना, म्हणून मी इतरांकडे मागायला लागलो. आमच्या प्लांटमध्ये जगातल्या निम्म्या फौजांची पोरं भेटतात. गेटवरच्या नेपाळी गार्डनं आजोबांच्या मेळाव्याची हिरवी फीत आणून दिली. एका गोऱ्या इंजिनियरनं पणजोबांच्या रेजिमेंटची जांभळी दिली, मी चार महिने त्याच्या मागे लागल्यावर. आणि आमच्या बसचा ड्रायव्हर पाकिस्तानातला, रावळपिंडीकडचा. त्याचे वडील त्याच एकाहत्तरच्या लढाईत पलीकडून लढलेले. त्याची फीत मागताना मला थोडं अवघडल्यासारखं झालं, पण त्यानंच सुट्टीवरून आल्यावर खिशातून काढून दिली.

"अब्बा की छाती से मैंने ख़ुद उतारी है," तो म्हणाला. "संभाल के रखना, भाई."

ती मी आप्पांच्या ओळीला लागूनच लावली. बायको म्हणाली, "इथं तरी शेजारी राहू देत बिचारे." हे वाक्य मला इतकं आवडलं की पुढे पाहुण्यांना मी ते स्वतःचं म्हणून सांगायला लागलो.

गेल्या हिवाळ्याच्या सुरुवातीला प्लांटच्या सिक्युरिटीत एक नवे सुपरवायझर आले. निवृत्त सुभेदार, कोल्हापूरकडचे, मिशा अजून परेडला निघाल्यासारख्या. बोलता बोलता कळलं की ते आप्पांच्याच पलटणीचे, अर्थात बऱ्याच नंतरच्या काळातले. मी त्यांना शुक्रवारी जेवायला बोलावलं. खरं सांगायचं तर जेवण हे निमित्त होतं. माझी फ्रेम बघायला इतकं जाणतं गिऱ्हाईक आजवर मिळालं नव्हतं.

सुभेदार आले, बूट दाराबाहेर जोडीनं सरळ ठेवले, बायकोला नमस्कार केला. मी त्यांना फ्रेमसमोर नेलं आणि माझं नेहमीचं वाक्य म्हटलं. ते वाकून बघत राहिले. त्यांनी चष्मा वर केला, परत खाली घेतला.

"ह्या समद्या पिवळ्याच?" ते म्हणाले.

"हो, दरवर्षी पाठवतात ना आप्पा."

"आन लाल?"

"लाल कसली?"

"आवो, लडलेल्या मानसाला लाल असती. पिवळी घरच्यांची." त्यांनी ते अगदी सहज सांगितलं, चहात साखर किती हे सांगावं तसं. "आपल्या पलटनीत रिवाजच हाय तसा. सवताची फीत सवता लावत न्हाईत. घरच्या मानसानं फौजीला लाल लावायची, मंग फौजी त्याला पिवळी लावनार. त्याबिगर मांडवात जायाचं न्हाई."

मी हसलो. म्हणालो, "मग या आईच्या असतील." आणि म्हणता म्हणताच मला कळलं की आई गेल्यानंतरच पहिली फीत आली होती. सालं समोर छापलेली होती. इतकी वर्षं मी ती पाहुण्यांना मोठ्यानं वाचून दाखवत होतो.

सुभेदार माझ्या तोंडाकडे बघत होते. मग त्यांनी आप्पांचं गाव विचारलं, उंची विचारली, डाव्या पायानं जरा लंगडतात का विचारलं. मी हो म्हणालो. ते सोफ्यावर बसले.

"इकडं येन्याआदी फिती वाटायच्या टेबलावर मीच बसायचो," ते म्हणाले. "तुमचं आप्पा सकाळीच रांगंत असायचं. म्हनायचं, दोन द्या. येक लाल, येक पिवळी. पोरगा येतोय, गाडी मागं हाय त्याची. नाव आदीच नोंदलेलं असायचं तुमचं. मंग लाल हातात धरून दारापाशी हुबं ऱ्हायाचं. बँड सुरू व्हायची येळ झाली की मी उठून जायाचो आन लावायचो त्यास्नी. पिवळी ते खिशात घालायचं."

"दरवर्षी?" मी विचारलं.

"मी हुतो तंवर तरी दर साली." मग ते घाईघाईनं म्हणाले, "मला काय ठावं, तुमी त्यो पोरगा म्हनून? मला वाटायचं हितंच पुन्या-मुंबैला आसंल कुटं तरी."

बायको पोळ्यांचं ताट घेऊन दारातच थांबली होती. जेवणं झाली. मटण चांगलं झालं होतं असं सुभेदार दोनदा म्हणाले. मी आजवर लोकांना आप्पांचं शौर्य दाखवतोय असं समजत होतो. मी दाखवत होतो ती माझी गैरहजेरी, एकेका सालाची, काचेत बसवून, वर एसीची हवा. जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं असं जे म्हणतात ते मला तोवर नुसतं बोलायचं वाटायचं.

सुभेदार गेल्यावर मी बायकोवरच चिडलो. म्हणालो, तुला तरी सुचायला नको होतं का? ती शांतपणे म्हणाली, "दिवाळीच्या फोनवर आप्पा काय म्हणतात दर वेळी?"

दिवाळीला आप्पा एकच म्हणतात, "जानेवारीत मेळावा हाय." आणि मी दर वेळी म्हणतो, "वा वा, जाऊन या. थंडीचे कपडे घ्या. फोटो पाठवा." आमच्याकडे बाप मुलाला 'ये' म्हणत नाही. तो तारीख सांगतो. हे मला माहीत नाही असं नाही. गावच्या जत्रेची, चुलत्याच्या आजारपणाची, प्रत्येक गोष्टीची नुसती तारीख सांगून आप्पांनी मला बोलावलेलं आहे, आणि तेव्हा मला बरोबर कळलेलं आहे. ही एक तारीख तेवढी मी बातमी म्हणून ऐकत राहिलो. कारण मेळावा म्हणजे फौजी लोकांचं काम, तिथं छाती कमी भरलेल्याचं काय काम, असं माझ्या डोक्यात पक्कं होतं. शिवाय जानेवारीत प्लांटचं शटडाऊन असतं, म्हणजे प्लांट बंद ठेवून दुरुस्त्या चालतात, आणि शटडाऊनला सुट्टी मिळत नाही, हे आमच्या घरात पाढ्यासारखं सगळ्यांना पाठ होतं. मीच पाठ करून घेतलं होतं.

फ्रेम लगेच उतरवावी असं वाटलं, पण उतरवली नाही. उतरवली असती तर येणारा-जाणारा विचारणार. आणि मग पुढच्याच शुक्रवारी वसईचं एक कुटुंब आलं, हॉस्पिटलात काम करणारी दोघं नवराबायको, आमच्याकडे पहिल्यांदाच. चर्च करून (इकडे तेही शुक्रवारीच असतं) थेट जेवायला आलेले, हातात केक. मी त्यांना मुद्दाम फ्रेमकडे पाठ करून बसवलं. पण नवऱ्याची मान वळलीच.

"अरे वा! ही काय, मिलिटरीची? तुमच्या वडलांची?"

मी 'हो' म्हणालो.

सगळं कळल्यावरही म्हणालो. जीभ इतकी सरावलेली की विचारायची गरजच पडली नाही तिला. त्यावर मी एकाहत्तरची लढाई, थंडी आणि खंदकसुद्धा सांगितले. ते दोघं फार मन लावून ऐकत होते. ती बाई म्हणाली, "यू मस्ट बी सो प्राउड." पोरगी टेबलाशी केक कापत होती. ती मान वर न करता म्हणाली, "बट बाबा, दोज आर युवर्स. आई टोल्ड मी. आजोबांचे रेडवाले तिकडे गावाला आहेत."

तिच्या तोंडून एवढं मराठी मी बऱ्याच दिवसांनी ऐकत होतो. पाहुण्यांना त्यातला संदर्भ कळला नाही, ते हसले. मी पाणी आणायला म्हणून आत गेलो तो बराच वेळ फ्रीज उघडा धरून उभा राहिलो. पोरीवर रागवायलाही मला तोंड नव्हतं. वडिलांच्या नावावर खोटं बोललो याची लाज होतीच, पण त्याहून जास्त लाज याची वाटत होती की बोलताना मला बरं वाटत होतं.

रविवारी कामावर गेलो तो बसमधून उतरताना ड्रायव्हरशी नजर मिळवता आली नाही. त्यानं अब्बांच्या छातीवरची फीत स्वतःच्या हातानं काढली होती.

सकाळच्या मीटिंगनंतर मी आमच्या विभागाच्या सुपरवायझरच्या केबिनमध्ये गेलो. इजिप्तचा माणूस, आवाज मोठा, मनानं बरा. जानेवारीत सुट्टी हवी म्हणालो. शटडाऊन आहे हे माहीत आहे, पण वडिलांचा कार्यक्रम आहे, असं बरंच काही मी रस्त्यात जुळवून आणलं होतं. भांडायचीही तयारी होती. त्यानं स्क्रीनकडे पाहिलं, तारखा विचारल्या आणि मान डोलावली. मिळाली.

मी तिथंच उभा राहिलो. म्हणालो, "शटडाऊनमध्ये मिळते?"

"दोन-चार माणसं दरवर्षी जातात की," तो इंग्रजीत म्हणाला. "तू कधी मागितलीच नाहीस. मला वाटायचं तुला ओव्हरटाइम आवडतो." मग त्यानं हात हलवला. "यल्ला, खलास, झालं तुझं काम. बाबांना माझा सलाम सांग."

एवढं सोपं होतं ते. नाही म्हणाला असता तर मला किती बरं वाटलं असतं, हे कुणाला सांगण्यासारखं नाही.

त्याच दिवशी जेवणाच्या सुट्टीत, कॅन्टीनच्या मागे सावलीत उभा राहून मी आप्पांना फोन लावला. एरवी आमचा फोन शुक्रवारचा. आडवारी फोन आला म्हणून ते घाबरले.

"काय रं? बरी हायत ना समदी?"

"बरी आहेत, आप्पा. मी जानेवारीत येतोय. मेळाव्याला."

लाइन तुटली की काय म्हणून मी स्क्रीन बघितली.

"यंदाच्या?" ते म्हणाले.

"हो. सुट्टी मिळाली."

"शटडाऊन आसतंय न्हवं तुझं?"

"मिळाली, आप्पा." सुभेदार भेटल्याचं, सगळं कळल्याचं मी बोलायचं ठरवलं होतं. ते तसंच राहिलं. त्यांनीही विचारलं नाही, अचानक कसं काय सुचलं म्हणून. थोडं खाकरून ते म्हणाले, "आरं, पर यंदा तुझं नाव न्हाई दिलं म्या."

"का?"

"किती सालं गाडी मागं हाय म्हनून सांगायचं?" ते चिडले नव्हते. दमलेल्या माणसासारखं बोलत होते. "टेबलावर आता तरनी पोरं बसत्यात. त्येंच्यापुढं खोटं बोलायचं म्हंजी लाज वाटती रं. तुझ्या आईच्या मागं लई वाटायचं, येशील येकांद्या साली. म्हनून नाव देत ग्येलो. यंदा म्हटलं, बास. येकच सांगितली, लाल."

मी आठवडाभर माझी लाज कुरवाळत बसलो होतो. तिकडे एक म्हातारा माणूस दर जानेवारीला माझ्यासाठी रांगेत उभा राहून खोटं बोलत होता आणि त्याची लाज एकटा खिशात घालून घरी आणत होता. आयुष्यात दुसरं कुठलंही खोटं बोललेला मला माहीत नाही असा माणूस.

"आता सांगून बघा की, आप्पा. अजून दिवस आहेत."

"न्हाई जमायचं. नावं ग्येली मागल्या म्हैन्यात. आन लाल लावायला म्या माज्या पलटनीतल्या जोडीदाराच्या नातीला सांगितलंया. धा बारा सालाची हाय. पोरगी लई खूश झालीया, नवा फ्रॉक घेतला म्हनं. तिला आता न्हाई कसं म्हनायचं?"

"नका म्हणू," मी म्हणालो. "तिलाच लावू दे."

"तू ये पर," आप्पा म्हणाले. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी मला 'ये' म्हटलं. "पाव्हण्यांच्या खुर्च्या हायत की मागल्या बाजूला. पाव्हण्यांना पांढरी फीत देत्यात. तिला नाव नोंदायाला लागत न्हाई, कुनालाबी मिळती."

पांढऱ्या फितीचं ऐकून मला राग आला असं त्यांना वाटलं. ते जरा घाबरून, समजूत काढल्यासारखं म्हणाले, "चालंल न्हवं तुला पांढरी?"

"चालेल, आप्पा," मी म्हणालो.